पहिल्या श्वासाचा मान

मालवणजवळ समुद्राच्या तळाशी पुण्याच्या शलाका ओगले हिच्या सिलिंडरमधली हवा नेमकी कशी संपली, हे कोणी पाहिलेले नाही. गोबरा माशाने तिच्या श्वासावर मान सांगितला, एवढे मात्र निर्विवाद आहे.

शलाकाने शिकवल्याप्रमाणे हवा संपल्याची खूण म्हणून हात गळ्यावरून आडवा फिरवला. तिचा प्रशिक्षक माधव तोरसकर याने तत्परतेने आपल्या सिलिंडरची जादा नळी पुढे केली. तेवढ्यात खडकाच्या कपारीतून तो अवाढव्य मासा बाहेर आला.

"ह्या खडकार पयलो श्वास आमचो," गोबरा म्हणाला. पाण्याखाली बोलता येत नाही, हा नियम मानपानाच्या प्रश्नांना लागू नसतो.

माधवने नळी मागे घेतली. त्याच्या घराकडे पालखीचा मान होता, आणि त्यापायी दोन चुलत घरे एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती.

"मॅडम, वाईच दम धरा."

"दमच उरलेला नाही, माधव!"

"ती तुमची खाजगी अडचण. मान गावाचो आसा."

"पुण्याची माणसां उतावळीच," गोबरा म्हणाला. "मागच्या खेपेक एक मुंबयकार न इचारताच श्वास घेवन गेलो. अजून माफी मागूक येवक नाय."

शलाकाच्या छातीत आग पेटली होती. वर झेपावण्याची अनावर ओढ तिने निग्रहाने नाकारली. एकदम वर गेल्यास फुप्फुसे फाटली असती. नळी हिसकावण्यातही अर्थ नव्हता, कारण ओढाताणीला लागणारी हवा तिच्यापाशी नव्हती. मरायचे नाही, हे तिने ठरवले होते. उरला होता तो केवळ कार्यपद्धतीचा प्रश्न.

"आपला हक्क मला मान्य आहे," ती माशाला म्हणाली. "पहिला श्वास आपला. दुसऱ्यावर कोणाचा मान आहे?"

गोबऱ्याचे कल्ले थबकले. "दुसऱ्याक कोण इचारता?"

"मग दुसरा मी घेते. पहिला आपण सवडीने घ्यावा."

माधवने गोबऱ्याकडे पाहिले. गोबऱ्याने बराच विचार केला. त्याच्याकडे वेळ होता. अखेर त्याने शेपटी हलवून संमती दिली, आणि नळी शलाकाच्या तोंडात आली.

तिने दुसरा श्वास घेतला. मग तिसरा, चौथा. माधवचा पट्टा घट्ट धरून, बुडबुडे सोडत, जराही घाई न करता ती त्याच्यासोबत वर आली आणि नावेत चढली.

पहिला श्वास गोबऱ्याने अद्याप घेतलेला नाही.