'तेरावं' बँडची अंगाई

बाळांनो, एका जंगलात जळक्या वडाखाली एक रॉक बँड होता. बँडचं नाव 'तेरावं'. नावावरूनच कळलं ना, की इथे बडबडगीतं होत नसणार?

ड्रमवर घुबड होतं. त्याला सगळे अण्णा म्हणत. गिटारवर वटवाघूळ होतं. ते उलटं लटकून वाजवी, त्यामुळे चुकलं तरी ती कला धरली जाई. आणि गायला टिटवी. तिचं खरं नाव मृदुला. पण मृदुलाला कोण घाबरणार? म्हणून स्टेजवर ती कराली झाली.

करालीचं 'पुढचा नंबर तुझा' फार गाजलं होतं. तिने पहिली किंकाळी मारली की श्रोते आनंदाने थरथरत. पांढरे ससे कोळशात लोळून काळे होऊन येत. घरी त्यांच्या आया त्यांना धुऊन धुऊन दमत.

मग करालीला पिल्लं झाली. गोंडस, ठिपक्याठिपक्यांची. एकदा ती रियाजाला बसली, पहिला सूर लावला, आणि पिल्लं खड्यांमध्ये सपाट पडली. डोळे मिटून, श्वास रोखून. धोका आला की टिटवीची पिल्लं असंच करतात. इथे धोका म्हणजे आई होती.

जंगल घाबरलं तर घाबरू दे, पण या चिमुकल्यांनी मान वर करून आपल्याकडे बघावं, एवढंच करालीला हवं होतं.

"अण्णा, आता मी हळू गाणार," ती म्हणाली. "अंगाई."

अण्णांनी मान पार मागे फिरवून परत आणली. "बाई, आपण भीती विकतो. अंगाई गायलीस तर लोक झोपतील."

"झोपू देत की."

"तिकीट काढून?"

बातमी फुटली. चाहत्यांचा म्होरक्या एक तरस होता. तो हसत हसत रडला, कारण तरसाला दुसरं जमत नाही. "कराली बिघडली!" अशी पाटीच त्याने वडावर ठोकली. गाणं अजून कोणी ऐकलं नव्हतं, पण रसिकांचं त्यावाचून काही अडत नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सगळे हुर्यो उडवायलाच आले होते. करालीने पिल्लांना शेजारी बसवलं, घसा साफ केला आणि अगदी हळू, मायेने गाऊ लागली,

"नीज रे राजा, नीज आता,
सगळं ठीक होईल..."

हुर्यो घशातच राहिली.

"अगं बाई," हरिणी कुजबुजली, "सासूबाई गेल्या तेव्हा मला अस्संच सांगितलं होतं."

"कोण गेलं?" सशाने घाबरून विचारलं.

"टिटवी इतक्या प्रेमाने बोलतेय म्हणजे जवळचंच कोणीतरी."

"अहो, माझे बाबा घरी एकटेच आहेत!" ससा ओरडला.

हत्ती मटकन खाली बसला. "वैद्यबुवा परवा माझ्याशी फार गोड बोलत होते," एवढंच तो म्हणाला.

आणि सगळं जंगल हंबरडा फोडत घराकडे पळालं.

इकडे पिल्लांनी माना वर केल्या. आईकडे टकामका बघितलं आणि गुपचूप तिच्या पंखाखाली शिरली. करालीला रडूच आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आपलं खरं नाव शोभल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात तरस परत आला. त्याने तिचे पायच धरले. "ताई, चुकलो! इतकं भयंकर आजवर कोणी गायलं नाही. उद्या परत?"

अंगाई तुफान चालली. आता रोज तिन्हीसांजेला 'नीज रे राजा' सुरू झालं की मैदान किंचाळतं. ससे बेशुद्ध पडतात, शुद्धीवर येऊन वन्स मोअर मागतात. त्या आरडाओरड्याने पिल्लं पुन्हा खड्यांत सपाट होतात.

म्हणून मृदुला घरी गातच नाही. नुसती गप्प बसते. मग हळूहळू पिल्लं जवळ येतात.

अण्णांनी हे पाहिलंय. पुढचा अल्बम नुसत्या शांततेचा काढू, असं ते म्हणतात. त्याने तर लोकांचे प्राणच जातील.

तात्पर्य, जे मोठ्यांना मुळीच सांगू नये : कोणाची गाळण उडवायची असेल, तर ओरडू नका. त्याच्या शेजारी बसा, आवाज खाली आणा आणि म्हणा, "जरा बोलायचं होतं."