डब्याचं हूं

"आई, आज बाबांचा आवाज काढून घेतो," असं मुलगा रविवारी सकाळी म्हणाला आणि बाईंच्या कपातला चहा बशीत सांडला.

"काढून घेतोस? मग डब्यात काय राहील?"

"अगं, डब्यातला डब्यातच राहतो. ह्या छोट्या मशिनमध्ये त्याची नक्कल उतरते. फोटो काढला म्हणून माणसाचं तोंड जातं का?"

"काही काहींचं गेलं तर बरंच होईल," असं म्हणून बाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने खिडकीबाहेर पाहिलं.

गल्लीत त्यांना फौजदारीणबाई म्हणत. नवरा काही फौजदार नव्हता. तो मुलांना गिटार शिकवायचा आणि अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. फौजदारकी घरात होती ती बाईंची. मास्तर म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा माणूस. बाईंनी सांगावं, नळ गळतोय. मास्तर म्हणत, "हूं." पोराला ताप आहे. "हूं." तुमची बहीण चारचौघांत मला काय म्हणाली ठाऊक आहे? "हूं." ह्या एका हूंचे अर्थ लावता लावता बाईंचे केस पिकले. कधी त्यात होकार असे, कधी नकार असे, आणि पुष्कळदा काहीच नसे.

जसा माणूस तसा त्याचा डबा. डबा म्हणजे मास्तरांचा अँप, गिटारचा आवाज मोठा करणारा. हा जुन्या काळातला, आत काचेचे दिवे पेटणारा, आणि इतका जड की पायावर पडला तर पाय पुन्हा शोधावा लागेल. त्याचं बटण दाबलं की लाल दिवा लागायचा आणि मग कुणी वाजवो न वाजवो, तो आपला "हूंऽऽऽ" करत बसायचा. "अहो, ती घूं घूं एकदा नीट करून घ्या, डोकं उठतं माझं," असं बाई लग्न झाल्यापासून सांगत होत्या. मास्तर म्हणायचे, "हूं." मग डबा आणि मास्तर दोघेही हूं करत बसायचे.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. जातानाही काही बोलले नाहीत.

त्यानंतर दुपारी मुलगा आणि सून कामावर गेले, की बाई दाराची कडी लावायच्या, डब्याचं बटण दाबायच्या आणि समोर खुर्ची ओढून बसायच्या. हातात निवडायला नाहीतर सोलायला काहीतरी. मग सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर. भाजीवाल्याने कसं फसवलं, सून भांडी कशी आपटते, मुलगा हल्ली तुमच्यासारखाच मान खाली घालून जेवतो. डबा म्हणायचा, हूंऽऽऽ. संध्याकाळी दोघे परतायच्या आत बाई बटण बंद करायच्या आणि वर फडकं टाकायच्या. हे कुणाला कळलं असतं तर जन्मभर कमावलेली फौजदारकी एका दिवसात गेली असती.

आता मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. महिनाअखेर दोघे निघणार होते. "तूही चल," असं तो दहा वेळा म्हणाला होता आणि दहाही वेळा बाईंनी फटकारलं होतं, "मी कशाला? माझं सगळं इथे आहे. तुम्ही गेलात तर जरा शांतता तरी मिळेल." डबा काही त्या नव्या घराच्या जिन्यावरून चढणार नव्हता. म्हणून डबा आईकडे आणि आवाज मुलाकडे, अशी वाटणी ठरली होती.

"मी म्हणते, एवढा खटाटोप कशाला?" सून म्हणाली. "इंटरनेटवर अशा जुन्या अँपचे आवाज हजारांनी तयार मिळतात. लोकांनी काढून ठेवलेत. एक डाउनलोड करायचा की झालं."

"तयार?" बाईंनी कप खाली ठेवला. "तयार माल मिळत असता, तर मी एवढी वर्षं त्या माणसाला घडवत बसले असते का गं?"

मुलाने डब्याचं बटण दाबलं, समोर माइक उभा केला, वायरी जोडल्या, लॅपटॉप उघडला. आधी खोलीचा स्वतःचा गोंगाट किती आहे ते मशीन मोजणार होतं, मग ते डब्यात नाना तऱ्हेचे आवाज सोडणार होतं. पण मोजणी सुरू झाली तोच खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. मुलगा वैतागून उठला. "ह्याला आत्ताच मुहूर्त सापडला! आई, मी येतो खाली सांगून. कशाला हात लावू नकोस." खालचा भांडखोर होता, म्हणून सूनही मागोमाग गेली.

खालच्याला समजावण्यात बराच वेळ गेला. दोघे वर आले तेव्हा बाई डब्यासमोरच्या खुर्चीत तोंड घट्ट मिटून लसूण सोलत होत्या.

लॅपटॉपवर लाल अक्षरात आलं होतं: गोंगाट फार. पुन्हा प्रयत्न करा.

"हे त्या ड्रिलमुळे," मुलगा म्हणाला. बाईंनी मान हलवली. लसूण जरा जास्तच सोलून झाला होता.

काम पुढच्या रविवारवर गेलं. पण मुलगा जेवताना एक वाक्य बोलून गेला आणि तिथेच माशी शिंकली. तो म्हणाला, "डबा जसा आहे तसाच उतरतो, आई. बटण फिरवताना ती खरखर होते ना, तीसुद्धा."

बाईंना रात्रभर ती खरखर बोचत राहिली. मास्तर कधी बूट पुसल्याशिवाय घराबाहेर पडले नव्हते. पुसायच्या बाईच, पण पुसल्याशिवाय पडले नव्हते. आणि आता त्यांचा आवाज परगावी जाणार, चार लोक ऐकणार, तो असा खरखरत, डब्याच्या तोंडावरच्या फाटक्या जाळीतून? लोक म्हणतील, बायको होती की नव्हती ह्याला?

मंगळवारी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा मास्तरांच्या ओळखीचा, पंखे आणि टीव्ही दुरुस्त करणारा, बोलायला लागला की थांबण्याचं बटण नसलेला माणूस.

"काय काय करायचं, वहिनी?"

"ह्याचं जे काय दुखतंखुपतं असेल ते सगळं काढा. पोराच्या बापाचं नाव आहे त्यात."

"निर्धास्त राहा. नव्या नवरदेवासारखा करून देतो."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. आत खटपट चालली होती, त्यांनी चहा टाकला. कप घेऊन आल्या तेव्हा डबा पुसलेला, जाळी ताणून शिवलेली, बटणं लोण्यासारखी फिरणारी. लाल दिवा लागलेला. आणि खोली गप्प.

"लागला नाही का?" बाईंनी विचारलं.

"लागलाय की."

"मग बोलत का नाही?"

"कशाला बोलेल? कुणी वाजवलं तर बोलेल. आतला एक कपॅसिटर पार मेला होता, त्यामुळे उगाच घूं घूं करायचा. मास्तरांना मी किती वेळा म्हटलं, बदलतो. ते म्हणायचे, राहू दे, घरच्यांना सवय झालीय."

बाईंनी कप त्याला न देता डब्यावरच ठेवला.

"असं म्हणायचे? तोंडाने?"

"हो की. आता कसा शहाण्या माणसासारखा बसलाय बघा!"

त्या दुपारी बाईंनी कडी लावली, बटण दाबलं, खुर्ची ओढली. "अहो, ऐकलं का," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. लाल दिवा नुसता बघत होता. त्यांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली, भाजीवाल्याचं सांगून पाहिलं, नणंदेचं सांगून पाहिलं. नणंदेच्या विषयावर तर मेलेलं माणूससुद्धा हूं म्हणालं असतं. काही नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं, आणि घड्याळाशी बोलायला बाई काही वेड्या नव्हत्या.

मास्तर गेले त्या दिवशी बाई रडल्या नव्हत्या. पाहुण्यांचा चहा, रडणाऱ्यांना पाणी, सगळं त्याच बघत होत्या. त्या मंगळवारी दुपारी मात्र हातातला लसूण हातातच राहिला. संध्याकाळी सुनेने डोळ्यांकडे पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कांदा होता." घरात कांदा चार दिवसांपासून नव्हता. सून पहिल्यांदाच उलट बोलली नाही.

बुधवारी बाई स्वतः दुकानात गेल्या.

"तो बिघाड परत बसवून द्या."

दुरुस्तीवाल्याने पंख्याचं पातं खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"काढलात ना तुम्ही? मग तुम्हीच घाला."

"वहिनी, आयुष्य गेलं ह्या धंद्यात. बिघडलेलं नीट करा म्हणून लोक येतात. नीट झालेलं बिघडवा म्हणून कुणी आलं नाही. पावती कशाची फाडू?"

"तोंडं वेंगाडू नका. तो मेलेला तुकडा कुठे आहे?"

तो काल संध्याकाळीच भंगारात गेला होता. तरी बाईंचा अवतार बघून बिचारा घरी आला, डबा उघडून इथली वायर सैल कर, तिथली ढिली कर, असं करत बसला. डबा एकदा चिरकला, एकदा सर्दी झाल्यासारखा फुरफुरला, आणि एकदा तर इतक्या जोरात भोंग्यासारखा ओरडला की खालचा ड्रिलवाला भांडायला वर आला.

"हे नव्हे!" बाई म्हणाल्या. "हा कुणीतरी भलताच आहे. ते असे कधी ओरडले नाहीत माझ्यावर."

दुरुस्तीवाल्याने हत्यारं गोळा केली, डबा पुन्हा नीट केला आणि पैसे न मागता गेला.

रविवारी सगळं पहिल्याच फटक्यात झालं. मशीनने डब्यात चिरके आवाज सोडले, मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखे, आणि शेवटी लॅपटॉपवर हिरवी खूण आली. मुलाने गिटार घेतली, कानाला हेडफोन लावला आणि वाजवता वाजवता त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"काही नाही. चांगला आहे. फारच चांगला आहे." त्याने तिला इंटरनेटवरचा एक तयार आवाज शोधायला लावला. ती दोन्ही एकेक करून लावत गेली, तो डोळे मिटून ऐकत गेला. "कोणता आपला?"

"पहिला," सून म्हणाली.

"मला वाटलं दुसरा." त्याने हेडफोन काढला. "गेल्या रविवारपर्यंत ह्यात बाबा होते गं. आता कुणीही आहे."

बाई दारात उभ्या होत्या. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात होतं, पण गप्प राहणं नव्हतं. "मी नीट करून घेतला," त्या म्हणाल्या. "खरखर घालवायला गेले, तर ती घूं घूंही गेली."

"आई! घूं घूं गेली तर गेली. तूच तर जन्मभर त्या आवाजाच्या नावाने..." मुलगा बोलता बोलता थांबला. आई फडक्याशी चाळा करत होती. "थांब. ती आहे माझ्याकडे! मागच्या रविवारची फेल झालेली मोजणी. ड्रिल थांबल्यावरही रेकॉर्डिंग चालूच होतं."

"नको," बाई एकदम म्हणाल्या. "पुसून टाक ते."

तोवर त्याने बटण दाबलं होतं. आधी ड्रिल. मग ड्रिल बंद. मग खोलीभर, भिंतींना टेकून बसावं तसं, ते जुनं "हूंऽऽऽ". आणि त्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज.

"ऐकलंत का? पोरगं तुमचा आवाज काढून न्यायला बसलंय. हूं म्हणे. ने म्हणावं, मला कोण विचारतो? सुनेचं तोंड चालतं, पण पोरगी वाईट नाही. तुमचा चष्मा पुसून ठेवलाय. कुणासाठी पुसते देव जाणे. अहो, ते दोघं गेले की मी ह्या घरात एकटीने काय करायचं, तेवढं सांगा. नुसतं हूं काय करता? मी त्यांना जा म्हणाले खरं, पण नुसतं तोंडाने म्हणाले हो..."

मुलाने बंद केलं नाही. सून लॅपटॉपकडे बघत होती, पण तिला काही दिसत असावं असं वाटत नव्हतं.

"बाई गं, किती बोलते!" बाई शेवटी म्हणाल्या. "हे असं ऐकत होते ते? माझी बडबड काढ त्यातून. हूं तेवढं ठेव."

"वेगळं नाही होत, आई," मुलगा म्हणाला. "एकात एक मिसळलंय."

महिनाअखेर दोघे गेले. तूही चल, असं तो निघताना पुन्हा म्हणाला आणि बाईंनी पुन्हा फटकारलं, पण ह्या वेळी त्याने फटकारा नीट ऐकून घेतला. ते छोटं मशीन तो घेऊन गेला. त्यात आता कुणाचा आवाज भरलाय, हे बाईंनी विचारलं नाही. डबा फडक्याखाली गप्प राहिला.

पहिल्या सोमवारी दुपारी फोन वाजला. "जेवलीस का?" मुलगा म्हणाला. "ऑफिसात आहे, पण बोल तू."

बाईंनी कडी लावली, खुर्ची ओढली, फोन डब्यावर उभा केला आणि लसूण घेतला. भाजीवाला, खालचा ड्रिलवाला, नणंद, सगळं क्रमाने निघालं. पलीकडून कागदांची सळसळ येत होती, कुणीतरी कुणालातरी साहेब म्हणत होतं, आणि मधून मधून मुलगा म्हणत होता, "हूं."

"नुसतं हूं काय करतोस? बापावर गेलास अगदी!"

"हूं."

तो ऐकत नव्हता, हे बाईंना कळत होतं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. मास्तर तरी कुठे ऐकत होते!