नारोपंतांचं दप्तर आणि धामणीचे वेढे

एका जंगलात, बाळांनो, पाणी संपलं होतं. नियम मात्र भरपूर शिल्लक होते.

पलीकडच्या जंगलात एक भरलेलं तळं होतं. तिथल्या राजानं निरोप धाडला, "सूर्य मावळायच्या आत नावांची यादी आणा. यादीत नाव असेल त्याला पाणी."

यादीचं काम नारोपंत साळिंदराकडे आलं. त्यांचं दप्तर गुहेत असे. दप्तराला दोरीऐवजी एक धामण गुंडाळलेली.

पंतांची पद्धत ठरलेली. हत्तीनं गुहेची शिळा सरकवायची. धामणीनं वेढे सोडायचे. पंतांनी एक नाव लिहायचं. धामणीनं पुन्हा वेढे घालायचे, दप्तर आत, शिळा जागेवर. मग हाक, "पुढचा!"

रांगेत एकशे साठ जनावरं. शेवटची द्वारकाबाई टिटवी. तिची चार पिल्लं चोची उघडून बसली होती. दुपारपर्यंत जेमतेम नऊच नावं झाली. ती तरातरा पुढे गेली.

"पंत, दप्तर एकदाच सोडा. सगळी नावं लिहा आणि मग बांधा!"

"म्हणजे उघडं ठेवू? चारचौघांत?" पंतांचे काटे उभे राहिले.

"लिहिताना उघडंच असतं ना ते?"

"बाई, तेवढा वेळ मी डोळे मिटून घेतो."

तेवढ्यात हत्ती मटकन खाली बसला. "माझी कंबर गेली," म्हणाला. झालं! शिळा हलेना, दप्तर आत ठेवता येईना; ते नाइलाजानं उघडं राहिलं. भराभर नावं पडली. सूर्य हातभर वर असताना पिल्लांचीसुद्धा नावं लागली. टिटवीला रडूच फुटलं.

"आता बांधा," पंत म्हणाले.

पण धामण कुठाय? कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सुटी मिळाली होती. ती अंग मोकळं करायला निघून गेली होती.

"वेलीनं बांधा की!" टिटवी ओरडली.

"नियमात वेल नाही."

शेवटी उघडं दप्तरच तळ्याच्या फाटकावर नेलं. पहारेकरी अस्वलानं पानं चाळली. "बांधून झालेली नऊ नावं खरी. बाकीची लिहिलीच नाहीत."

"अहो, समोर दिसतायत!"

"दिसतायत ना? म्हणजे अजून बंद झाली नाहीत."

नऊजण आत गेले. फाटक लागलं. बाकीचे बाहेर बसून राहिले. टिटवीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रागारागानं तिनं इकडेतिकडे पाहिलं. फाटकाच्या डावीकडे कुंपण नव्हतं. उजवीकडेही नव्हतं.

"अहो, चला की बाजूनं!"

"यादीत नाव नसताना?" पंत कोरड्या ओठांनी म्हणाले, "शी!"

सगळ्यांनी माना फिरवल्या. टिटवी पिल्लांना घेऊन बाजूनं गेली. पाचही जण पोटभर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी धामण परतली आणि पुन्हा रांग लागली. पहिली नोंद झाली टिटवीविरुद्धच्या तक्रारीची. तिच्याखाली दीडशे सह्या पडल्या. प्रत्येक सहीला दप्तर सोडलं आणि बांधलं.

तात्पर्य: तहान काय, कोणीही भागवतो. दीडशे जणांना शिस्तीत तहानलेलं ठेवायचं, तर दप्तर दर वेळी सोडून बांधावंच लागतं.