अनसूमावशीच्या नऊ बाटल्या

तीन वर्षं माझ्या लेंग्याची नाडी दर गुरुवारी सकाळी मलकापूरच्या भर बाजारातून मिरवत गेली. तिच्या शेजारी आमच्या हेडमास्तरांच्या फेट्याची चिंधी असे आणि एका प्रतिष्ठित वकिलाच्या फाटक्या गंजीफ्रॉकचा काठ. ही सगळी मंडळी अनसूमावशीच्या टोपलीत बसून दवाखान्यात जात. म्हणजे मंडळी नव्हे, त्यांच्या औषधाच्या बाटल्या.

मावशीला अक्षरओळख नव्हती. गल्लीतल्या नऊ आजाऱ्यांचं औषध दर आठवड्याला भरून आणायचं काम मात्र तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. नऊ बाटल्या, नऊ रोग, आणि त्यातली चार मिक्श्चरं सारखीच गुलाबी. मग कोणती कोणाची हे कळावं कसं? तिनं तोडगा काढला. ज्याची बाटली, त्याच्याच जुन्या कपड्याची चिंधी तिच्या गळ्यात. मी तेव्हा नुकता शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. माझ्याजवळ जुना असा एकच कपडा होता, तो म्हणजे लेंगा, आणि त्याचा एकच भाग सुटा होता. मावशीनं तो मागितला नाही, काढून घेतला. महिनाभर मी सुतळीवर दिवस काढले.

अनसूमावशी माझ्या आईची मावसबहीण. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत मी राहायचो. जेवण तिच्याकडेच. माझं पोट बिघडलं ते तिच्या ठेच्यानं, आणि त्यावर औषध सुरू केलं तेही तिनंच.

लढाईची वर्षं होती. बाजारात रिकामी बाटली मिळत नव्हती आणि बूच तर डोळ्यांनी बघायला नाही. मावशी मक्याच्या कणसाची बुचं कोरायची. जुन्या डॉक्टरांनी एकदा चिठ्ठीवर ‘रिपीट’ लिहिलं की त्यांच्या हिशेबी तो मामला संपला. पुढे रोगी, मावशी आणि कंपाउंडर यांनी बघून घ्यावं. कंपाउंडर कादिरभाई मोठा सज्जन माणूस. पण गुरुवारी टोपली दिसली की तो मागच्या खोलीत खल धुवायला जायचा.

“कादिरभाई, बाह्यर या. मले दिसले तुमचे पाय.”

“मौसी, अभी तो दुकान खोल्या. जरा दम खाव.”

“दम मीच खाऊ? ह्या बाटलीत मागच्या येळी रंग कमी व्हता. उन्हात धरून पाह्यला मी.”

“रंगसे क्या होता मौसी, दवा वहीच है.”

“कुंकू बी वहीच राह्यते, पन फिकं लावते का कोनी?”

कादिरभाई निमूटपणे रंगाचा एक थेंब वाढवायचा.

दवाखान्यातून निघताना मावशी कधीही ‘येतो’ म्हणत नसे. तिथं ‘येतो’ म्हटलं की परत यावं लागतं, असं तिचं ठाम मत. दर गुरुवारी न चुकता येणारी बाई हा नियम न चुकता पाळायची. नुसतं “बसा” म्हणायची आणि चालू लागायची.

बुधवारी संध्याकाळी बाटल्यांची तपासणी. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असते. औषध त्या खुणेच्या खाली-वर दिसलं की रोग्याचं काही खरं नसे. मावशी कंदील जवळ धरायची आणि म्हणायची, “मानूस खोटं बोलन, बाटली नाई बोलत.” एकदा मी तीन दिवस औषध विसरलो आणि बुधवारी दुपारी ते आठवलं. भीतीनं नऊ डोस एका दमात पिऊन टाकले. बाटली खरं बोलली. पण गुरुवारी शाळेत मी नव्हतो, आणि जिथं होतो तिथून मला दुपारपर्यंत उठता आलं नाही.

नऊतली नववी बाटली सरूबाईची. सरूबाई म्हणजे मावशीची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे कधीच गेले होते. एकाच घरात मध्ये भिंत घालून दोन घरं केलेली, मागच्या अंगणात तीच भिंत छातीइतकी उंच. सरूबाई नऊ वर्षांची असताना या घरात आली, तेव्हा तिच्या वेण्या मावशी घालायची, असं आई सांगे. मी राहायला गेलो तेव्हा दोघींचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

कारण विचाराल तर दोन डोस. सरूबाईला दमा. एका वर्षी तिला बरं वाटलं म्हणून तिनं उरलेलं औषध मोरीत ओतलं. मावशीनं पाहिलं. “काऊन व? मोरीले दमा झाला व्हता काय?” सरूबाईनं उलट उत्तर दिलं, त्याला मावशीनं उलट उत्तर दिलं, आणि मग दोघींकडचीही उत्तरं संपली.

बाटलीचं येणंजाणं मात्र चालू राहिलं. गुरुवारी सकाळी धुतलेली रिकामी बाटली भिंतीवर दिसे. मावशी ती उचले आणि भरून आणून परत तिथंच ठेवी. जुनी चिंधी झिजून गेली, आणि अबोला असताना नवी मागणार कशी? म्हणून त्या बाटलीच्या गळ्यात मावशीनं स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ बांधला होता. मी एकदा त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “तू तुह्या नाडीचं पाह्य.”

सगळं असं सुरळीत चाललं असताना जुने डॉक्टर अकोल्याला मुलाकडे गेले आणि नागपूरहून नवे डॉक्टर आले. तरुण, चष्मेवाले, कडक. त्यांनी ‘रिपीट’ बंद करून टाकलं. रोगी कसा आहे हे कळल्याशिवाय औषध भरायचं नाही. कादिरभाईनं ही बातमी मावशीला सांगितली ती काउंटरच्या पलीकडूनच, अंतर राखून.

मावशीला उलट आनंदच झाला. इतकी वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

नेमकी पुढच्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून टोपली धरायला मी बरोबर होतो. दवाखाना गच्च भरलेला. डॉक्टरांनी नाडीवाली बाटली उचलली. “हे कोणाचं?”

“मास्तरचं,” मावशी खड्या आवाजात म्हणाली. “जेवल्यावर तीन ढेकर येतात त्याले. दोन चांगले येतात. तिसरा अडकते. अडकला का मंग तो छातीवर हात ठेवून भितीकडे पाह्यते, आन् आपल्याले वाटते पोरगं कविता करून राह्यलं.”

बाकावर माझे चार विद्यार्थी आपापल्या बापांसह बसले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सहज भिंतीकडे पाहिलं, तर मागून कुजबुज ऐकू आली, “अडकला!”

हेडमास्तरांची मूळव्याध, वकिलाची निद्रानाशाची तक्रार, सगळं मावशीनं त्याच आवाजात, त्याच तपशिलानं सांगितलं. डॉक्टर खूश होऊन लिहीत होते. मग त्यांनी हिरव्या काठाची बाटली उचलली आणि तिची जुनी चिठ्ठी वाचली.

“सरस्वतीबाई. दमा. कशी आहे ही?”

मावशी टोपलीच्या कडेकडे पाहत राहिली. “बरी असन.”

“असन? आठ जणांच्या पोटात काय चाललंय ते सांगितलंत, आणि हिचं ‘असन’?”

“ते आमच्याशी बोलत नाई.”

“आणि तुम्ही?”

“आमी बी नाई.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाई, कापसाचे दिवस आहेत. सरकी काढायची जिनं चालू आहेत, हवेत रुई उडते. दमेकऱ्याचं औषध मी डोळे मिटून देणार नाही. दम कधी लागतो, निजता येतं का, पाय सुजतात का, विचारून या. मग भरून देतो.”

आठ भरलेल्या बाटल्या माझ्याकडे देऊन रिकामी नववी मावशीनं पदराखाली घेतली. “बसा”ही म्हणाली नाही. रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. झाडांवर, छपरांवर, माणसांच्या भुवयांवर पांढरी रुई. बाटलीतला शेवटचा डोस सरूबाईनं सकाळीच घेतलेला. आता एक दिवसही औषध चुकवण्यासारखे दिवस नव्हते. मावशी इतकी भराभरा चालत होती की माझा तिसरा ढेकर वाटेतच सुटला.

घरी आल्यावर ती म्हणाली, “जा, विचार तिले.”

मी भिंतीशी गेलो. सरूबाई पलीकडे मेथी निवडत बसली होती. श्वासाला बारीक शीळ होती. मी डॉक्टरांचे प्रश्न सांगितले.

“त्याईले सांगा,” ती म्हणाली, “मी ठनठनीत हाव. पाच वर्सं ज्याईनं मले विचारलं नाई, त्याईनं आता... डाक्टर म्हनते म्हनून... विचारू नोका.” एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

“सांग तिले,” माझ्या मागून मावशी, “दवाई सरली म्हनावं.”

“सांगा त्याईले, नको मले दवाई.”

“सांग तिले, हट्टानं दमा जात नाई.”

दोघींमध्ये चार हातांचं अंतर. दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य माझ्या तोंडातून गेल्याशिवाय पोचलं असं कोणीच मानायला तयार नव्हतं. मी इकडे मान वळवायचो, तिकडे मान वळवायचो. शेवटी गडबडीत मावशीचं वाक्य मावशीलाच सांगितलं आणि दोघींच्याही शिव्या खाल्ल्या. त्या मात्र थेट मिळाल्या.

तेवढ्यात सरूबाईला उबळ आली. ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मेथी तशीच पडून राहिली.

मावशी दाराकडे पाहत उभी होती. मग तिनं बाटली उचलली. “चाल.”

“कुठं?”

“दवाखान्यात.”

डॉक्टर जेवायला निघाले होते, ते बाटली पाहून परत खुर्चीत बसले. बाकं रिकामी झाली होती. मावशी बसली नाही. चौकटीकडे बघत, सकाळच्या निम्म्या आवाजात बोलू लागली.

“जिनं सुटायच्या वक्ताले चढते. जेवनाआधी धा-बारा येळा खोकते, जेवल्यावर कमी. नागपूरची गाडी गेली का उठून बसते. मंग निजत नाई, भितीले टेकून राह्यते. मालगाडी गेल्यावर डोया लागते. आधी डाव्या कुशीवर निजे. आता आठ दिवस झाले, उजवीवर. पाय सुजले नाई, चपला त्याच घालते. परवा कफ सुटला, तवा जरा बरं वाटलं तिले. काल नाई सुटला.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. “तुम्ही बोलत नाही म्हणालात ना?”

“नाई बोलत.”

“मग तिच्याजवळ निजता?”

“नाई. भित हाये मधात.” मावशीनं बाटलीचा हिरवा काठ सारखा केला. “पातळ हाये.”

मालगाडी केव्हा जाते हे त्याच घरात राहून मला ठाऊक नव्हतं. मी झोपलेला असायचो.

डॉक्टरांनी टाक शाईत बुडवला. चिठ्ठीवर बराच वेळ लिहिलं. औषध बदललं आणि म्हणाले, “आणि तिला सांगा, उशाला एक नाही, दोन उशा घेऊन निजायचं.” कादिरभाईनं बाटली भरली. रंग चांगला गडद घातला, न सांगता.

घरी येऊन मावशीनं बाटली भिंतीवर ठेवली. पलीकडचं दार उघडलं. सरूबाईनं बाटली घेतली, औषध वेगळं दिसलं म्हणून उजेडात धरली. एरवी मावशी एव्हाना आत गेलेली असे. आज गेली नाही. मी निरोप न्यायला तयार होऊन मधोमध उभा राहिलो.

मावशी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत म्हणाली, “दोन उशा घेऊन निजा लागते म्हने.”

सरूबाईनं बाटलीचं बूच घट्ट केलं. मग बाटलीकडे बघतच म्हणाली, “माह्याजवळ एकच हाये.”

मावशी आत गेली आणि आपली उशी घेऊन आली. दोन्ही हातांनी ती भिंतीवरून पलीकडे दिली.

“आन् तुमी?”

“मले लागत नाई.”

सकाळी मावशी चहाला आली ती मान एका बाजूला धरून. वळायचं झालं तर सगळी वळायची, बैलगाडीसारखी. मी कपात तोंड खुपसून हसू दाबत होतो, तोच भिंतीपलीकडून आवाज आला, “बाई, मान काऊन व वाकडी?”

मी सवयीनं कप ठेवला आणि निरोप पोचवायला उठलो. मावशी माझ्या अगोदरच भिंतीशी पोचली होती. मी खाली बसलो आणि गार झालेला चहा प्यायलो.