घटाखालची नोटीस

"घरात कुठलाबी कागद येऊ दे विमल, आधी देवापुढं ठेवायचा, मग वाचायचा. देवाच्या नजरंखालून गेलेला कागद घर मोडत न्हाई."

सासूबाई हे सांगून गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून कागदाची धास्ती होती. मला वाचता येतं, तरी मी आज्ञा मोडली नाही. लग्नपत्रिका, लेकीची गुणपत्रिका, विजेचं बिल, एकदा तर लोणच्याची जाहिरात. सगळं आधी देवापुढं. बाकीच्या नेमांतही खंड नाही. सोमवारी एकभुक्त, रोज तुळशीला प्रदक्षिणा, नवरात्रात आरती होईपर्यंत मौन. या सगळ्याचा मला थोडा अभिमान होता. आता सांगायला हरकत नाही, कारण तो शिल्लक नाही.

आमचा दवाखाना तेलगावात. खाली सहा खाटा, वर आम्ही. डॉक्टर सुंदरराव, म्हणजे आमचे हे, बाळंतपणं करतात. हात हलका, काळीजही हलकं. मागं एका रुग्णाच्या नातेवाइकांनी त्यांच्यावर दावा लावला होता. तो तीन वर्षं चालला. डॉक्टर निर्दोष सुटले खरे, पण त्या तीन वर्षांत त्यांनी खोकल्याच्या बाटलीवरसुद्धा दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, मी आडवी आले म्हणून राहिलं. तेव्हापासून त्यांचाही एक नेम: विम्याशिवाय चाकूला हात लावायचा नाही. विमा म्हणजे, इलाजात काही चुकलं आणि कुणी दावा लावला, तर डॉक्टरच्या मागं उभा राहणारा. देव सगळ्यांच्या मागं असतोच, पण कोर्टात वकील लावत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं.

हा विमा डॉक्टरांच्या सहकारी संस्थेमार्फत सगळ्यांचा मिळून होता. त्या वर्षी पाऊसच नव्हता. कारखान्याची चिमणी पेटली नाही, गावं रिकामी झाली, तसे डॉक्टरही हलले. कुणी पुण्याला, कुणी नाशिकला. सभासद ठरल्या आकड्याखाली गेले आणि विमा कंपनीनं सगळ्यांचा विमा बंद करायचं ठरवलं. असा विमा बंद करायचा तर कंपनीनं तीस दिवस आधी नोटीस द्यायची: लेखी, कारणासह, रजिस्टर पोस्टानं. त्या तीस दिवसांत ज्याला स्वतःपुरता विमा चालू ठेवायचाय, त्यानं सोबतचा अर्ज भरून धाडायचा. हे मला आज आरतीसारखं पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

घटस्थापनेच्या सकाळी आमचा पोस्टमन सटवा जिन्यातूनच ओरडत आला. "डॉक्टरीणबाई, रजिस्टर हाय. सही करा."

माझं मौन. मी हात जोडले.

"साहेब कुठं हाईत?"

मी खाली बोट दाखवलं, मग पोटावर हातानं गोल काढला. म्हणजे बाळंतपणात आहेत.

सटवा हरखला. "आता? या वयात? बरं बरं, देवीची किरपा."

मी जोरजोरात मान हलवली. त्यानं ती लाजण्यात जमा केली आणि पोचपावती पुढं केली. मी सही केली. सहीच्या वर श्री काढला, कारण श्री काढल्याशिवाय मी किराणा दुकानाच्या वहीतही सही करत नाही. पाकीट देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवलं. तेवढ्यात दवाखान्यातली आया छबुबाई शेतातली माती घेऊन आली.

"बाई, मुहूर्त टळतोय. पत्रावळ कुठं मांडू?"

मी पाटाकडं बोट केलं. तिनं पाटावर पत्रावळ मांडली, पत्रावळीवर माती, मातीत गहू, वर पाण्याचा घट. मी हळदकुंकू वाहिलं, आरती झाली, मौन सुटलं आणि तोवर कुंकवाला बाया आल्या. शिवाय सटवानं ती बातमी गावभर नेली होती. छप्पन्नाव्या वर्षी दिवस गेले नाहीत हे पटवण्यात माझी दुपार गेली. पाकिटाचं नावही डोक्यात राहिलं नाही.

आणि एकदा बसलेला घट नऊ दिवस हलवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी चौकातली फळवाली रहेमतबी दरसालाप्रमाणे देवीला सीताफळं घेऊन आली. दारातच बसली. "बाई, सुनेचं पहिलं सिझर तुमच्याकडंच झालं. दुसऱ्याला दीड महिना हाय. लेकाचं ग्यारेज बंद पडलंय, बाहेरगावी कुठं नेणार? तुमच्याकडंच करतो म्हणा. तुमी शबद दिला की मला झोप यील."

मी घटाकडं हात करून म्हणाले, "देवीसमोर सांगते. आमच्याच दवाखान्यात."

ज्याच्यासमोर शब्द दिला, त्याच्याच बुडाखाली नोटीस भिजत होती.

घटाभोवतीचं धन असं उगवलं की विचारू नका. साऱ्या तालुक्यात हिरवं काही नव्हतं, आमच्या पाटावर वीतभर गहू. डॉक्टरही म्हणाले, "विमल, या मातीत काहीतरी वेगळं आहे." दसऱ्याला ते तुरे मी रुग्णांच्या नातेवाइकांच्या टोप्यांत खोवले. नदीला पाणी नव्हतं, म्हणून माती आवारातल्या लिंबाच्या बुडाशी घातली. मातीत काहीतरी लगद्यासारखं लागलं हाताला. मला वाटलं, पत्रावळ कुजली.

वसुबारसेला माजलगावच्या डॉक्टर भारतचा फोन आला. तो भूल द्यायला आमच्याकडं येतो. "सुंदरराव, विमा बंद होतोय, नोटीस आली का?"

डॉक्टरांनी मला हाक मारली. "विमल, रजिस्टर काही आलं होतं?"

"नाही बाई," मी म्हणाले. अगदी शांतपणे. चातुर्मासात मी खोटं बोलत नाही.

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की दिवाळी आमच्याकडं दोन दिवस आधीच आली. फोनमध्ये म्हणाले, "मला नोटीसच नाही. नोटीस नाही तर माझा विमा चालू. त्यांचाच नियम आहे, मागच्या पानावर, सातवं कलम."

"अरे, पण तू नुसता अर्ज मागव ना. पाच दिवस आहेत अजून."

"अर्ज केला म्हणजे नोटीस मिळाली असं मान्य केल्यासारखं होईल. मी कायद्यानं जाणार."

त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ते मला आजही टोचतं: 'माझी पत्नी धार्मिक वृत्तीची असून तिच्या शब्दावर शंका घेण्यास जागा नाही.' ते पाच दिवस आम्ही चकल्या तळण्यात घालवले.

भाऊबीज झाल्यावर विमा कंपनीच्या बीडच्या कचेरीतून बोलावणं आलं. डॉक्टर मलाही घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. साहेब हबीब नावाचे, फार अदबीचे. त्यांनी आधी चहा मागवला. मग फाईल उघडून एक पोचपावती टेबलावर सरकवली.

"ताई, ही सही ओळखता का?"

सहीच्या वर श्री होता. वेलांटी जरा थरथरलेली, कारण घटाची घाई होती.

त्याच क्षणी मला सगळं आठवलं. सटवा, पाट, पत्रावळ, लगदा. डॉक्टर पावतीकडं बघत होते.

"नोटीस कुठे आहे मग?" साहेबांनी विचारलं.

"लिंबाच्या बुडाशी," मी म्हणाले.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुदत गेली. चार दिवस आधी आला असता तर मी इथंच अर्ज भरून घेतला असता. आता नवीन अर्ज करा. मंजुरीला महिना धरा. तोवर विमा नाही."

परतीच्या वाटेवर, वडवणी ओलांडल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "महिनाभर ऑपरेशन बंद."

आठ दिवस नवा अर्ज टेबलावर पडून राहिला. डॉक्टर रोज एक रकाना भरत आणि पेन बंद करत. मी रहेमतबीच्या चौकातून जाणं टाळलं. देवापुढं बसलं की पाटावरच नजर जायची.

नवव्या दिवशी दुपारी रहेमतबी आली. फळाची पाटी तशीच उघड्यावर टाकून आली होती. "बाई, सुनेला कळा लागल्या. मुदतीच्या आधीच. आणू ना?"

डॉक्टर आतून म्हणाले, "रहेमतबी, अंबाजोगाईला न्या. मी जीप बोलावतो."

तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. "बाईनं शबद दिलाय."

मी आत गेले. म्हणाले, "मी देवीसमोर म्हणाले होते. चूक माझी. सही माझी. त्या पोरीचं काय चुकलं?"

"आणि काही झालं तर? माझ्यामागं कोण उभं राहणार?"

"मी राहीन."

"तू नेहमीच राहतेस," ते म्हणाले. "त्या दिवशी तेवढी घटाच्या मागं राहिलीस."

ते खिडकीतून लिंबाकडं बघत राहिले. मग त्यांनी फोन उचलला. "भारत, भूल द्यायला येतोस का? हो, आत्ताच. नाही, विमा नाही. माहिती आहे मला. ये."

बाहेर येऊन म्हणाले, "आणा तिला." छबुबाईला पाणी उकळायला सांगितलं. मग टेबलाशी बसून त्यांनी अर्जाचे उरलेले सगळे रकाने एका दमात भरले, सही केली, पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं.

"चारच्या आत पोस्टात. देवापुढं नाही, विमल."

"शब्द," मी म्हणाले.

ते हात धुवायला गेले. मी पदर डोक्यावर घेतला आणि देव्हाऱ्याकडं न बघता जिना उतरले. पाकिटाच्या कोपऱ्यात श्री कधी काढला ते मला खरंच आठवत नाही. पण पोचपावती मागायची आठवण पक्की ठेवून, उन्हातून मी पोस्टाची वाट धरली.