हिलालआप्पांचं दुसरं वजन

हिलालआप्पांकडे चहाला गेलात तर दोनदा वजन द्यावं लागतं. एकदा आत जाताना, एकदा बाहेर येताना. मधल्या फरकावरून ते पाहुणचार कसा झाला ते ठरवतात. माझी आत्या नाशिकहून पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती निघताना आप्पांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ताईले पाचशे ग्रॅम शेवभाजी गयी." त्यानंतर आत्या आमच्याकडे आली की आप्पांच्या ओट्यासमोरून मान खाली घालून पळत जाते.

आमची कॉलनी शहाद्याजवळच्या साखर कारखान्याची. आप्पा आमचे शेजारी. कारखान्याच्या वजनकाट्यावर आख्खी नोकरी केली. उसाचा ट्रक भरलेला आत येणार, त्याचं वजन, मग रिकामा बाहेर जाणार, त्याचं वजन, वजाबाकी करून पावती. हेच काम जन्मभर. रिटायर झाले तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, ते त्यांनी मोजून घेतलं आणि भंगाराच्या लिलावातला जुना प्लॅटफॉर्म काटा विकत आणून ओट्यावर बसवला. तेव्हापासून आमच्या गल्लीत वजनाशिवाय काही हलत नाही. गणपती, गॅसची टाकी, बाळंतिणीचं बाळ, सगळं आधी काट्यावर. त्यांच्याकडे एक मांजर आहे. तिचं वजन ते रोज सकाळी फोन करून माझ्या आईला कळवायचे, म्हणून आईनं त्यांचा नंबर ब्लॉक करून ठेवलाय. आप्पांना वाटतं आईचा फोन बिघडलाय.

काट्यावर उभं राहायचेही नियम आहेत. उसावरचं पाचट, म्हणजे वाळका पाला, जसं वजनात धरायचं नसतं, तसं माणसावरचंही धरायचं नाही. चप्पल, मोबाईल, घड्याळ, केसांचा चाप हे सगळं पाचट. "पाचट काढ, मंग उभी ऱ्हाय," असं त्यांनी मला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलंय की परीक्षेच्या हॉलबाहेर घड्याळ काढायला लावलं तेव्हा मी काटा कुठाय म्हणून बघत होते. तुमचा आकड्यावर विश्वास बसला नाही तर ते शांतपणे म्हणतात, "काटा खोटं बोलत नही."

यंदा मला नाशिकला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला सीट लागली. सगळ्या कॉलनीनं पेढे खाल्ले. आप्पांनी मात्र पेढा हातात धरून विचारलं, "सॉफ्टवेअर कितलं भरस?"

"आप्पा, त्याला वजन नसतं."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मंग फी कसानी लेतस?"

पण एकदा तयारीला लागल्यावर त्यांनी मला श्वास घेऊ दिला नाही. कागदपत्रांची यादी त्यांना तोंडपाठ झाली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता, डोमिसाईल, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. एकेका कागदाला वेगळी प्लास्टिकची पिशवी. फाईल भरली एक किलो दोनशे. "आते वाटस शिक्षण शे म्हनीसन," असं म्हणून ते पहिल्यांदा खूश झाले.

मी, आई आणि पप्पा असे तिघंही जाणार होतो. आत्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कॉलेजला रिपोर्टिंग, आणि तोच शेवटचा दिवस. पाचपर्यंत ओरिजिनल दाखवून सही केली नाही तर सीट गेली. हे मी आप्पांना दहादा सांगितलं होतं. तरी निघायच्या सकाळी ते दारात उभे. "वजन करेल नही आजून."

कॉलनीतून शिकायला बाहेर जाणारं पोर वजन केल्याशिवाय जात नाही, हा त्यांचा कायदा. पाचट काढून मी उभी राहिले. अठ्ठेचाळीस किलो तीनशे. मग बॅग. बॅगचं भरलेलं वजन झालं, पण रिकाम्या बॅगचं वजन हवं म्हणून त्यांनी सगळं सामान ओट्यावर काढलं. चादरी, मग, उशी, आईचे शेंगदाण्याचे लाडू, सगळं. रिकामी बॅग तोलली, स्वतःच्या हातानं सगळं परत भरलं, भरलेली पुन्हा तोलली आणि आकडे पावतीवर लिहिले. तोवर पप्पा रिक्षातून ओरडत होते की बस सुटेल. आम्ही पळालो.

संध्याकाळी आत्याकडे जेवत होतो तर आप्पांचा फोन. मी कट केला. परत आला. पप्पा म्हणाले, "उचलू नको, लाडवांचं वजन विचारतील." मग पप्पांच्या फोनवर आला, त्यांनीही उचलला नाही. आईचा प्रश्नच नव्हता. सकाळी बघितलं तर चौदा मिस्ड कॉल. आम्ही तिघंही हसलो, हे मला आता लिहिताना लाज वाटते.

कॉलेजच्या खिडकीशी माझा नंबर आला अकराला. बॅग उघडली. चादरी होत्या, लाडू होते, फाईल नव्हती. मी सगळी बॅग तिथंच फरशीवर पालथी केली. खिडकीतल्या मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, "ओरिजिनलशिवाय मी काहीच करू शकत नाही गं. पाचपर्यंत आहे मी इथं." पप्पा आप्पांना फोन लावत होते, तो नुसता वाजत होता. आई भिंतीला टेकून खाली बसली. मी दोन वर्षं ज्यासाठी घासली ते सगळं पाचला संपणार होतं, आणि मला मनातून आप्पांचा इतका राग आला होता की ते समोर असते तर मी काट्यावरच आदळलं असतं काहीतरी.

सव्वादोनला ते समोर आले. गेटमधून. पांढरा सदरा, त्यावर बसमधल्या उलटीचे डाग, चेहरा पडलेला, आणि छातीशी टॉवेलात बांधलेलं गाठोडं. आप्पांना बस सोसत नाही. शहाद्याच्या पलीकडे ते गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. पहाटेच्या पहिल्या गाडीला बसले होते आणि नाशिकपर्यंत खिडकीबाहेर डोकं काढून आले होते, म्हणून फोन ऐकू आला नाही.

"भरेल निंघनू, रिकामा उनू," ते सदऱ्यावरच्या डागांकडे बोट दाखवत म्हणाले. मग लगेच, "तेजू, फाईल मन्हा घर ऱ्हाई गयी. चूक मन्ही शे."

झालं असं होतं. सामान काढताना कागदांना घडी पडू नये म्हणून त्यांनी फाईल तेवढी आत गादीवर नेऊन ठेवली होती. संध्याकाळी पावतीवरचे आकडे रजिस्टरला चढवायला बसले तेव्हा बॅगची पहिली आणि दुसरी वजनं जुळेनात. एक किलो दोनशे कमी. ते आकडा बघताक्षणी उठले.

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "पहिले कागदं दी ये, मंग रडजो."

सही झाली, शिक्का बसला, सीट राहिली. बाहेर आले तर आप्पा नळावर तोंड धूत होते. बाकावर गाठोडं सुटलेलं पडलं होतं, आणि त्यात ते रजिस्टर. हे कशाला आणलं म्हणून मी उघडलं. बाहेर गेलेल्या पोरांची पानं होती ती. नाव, जातानाचं वजन, आल्यावरचं वजन. सगळ्यात खाली मी, अठ्ठेचाळीस तीनशे, पुढचा रकाना कोरा. वर बाकी सगळे रकाने भरलेले. फक्त पहिल्या पानावर पहिलं नाव होतं, महेश हिलाल, एकसष्ट किलो. त्याच्यापुढेही कोराच.

महेशदादा आप्पांचा मुलगा. कॉलनीतला पहिला इंजिनीअर. पुढं शिकायला परदेशी गेला तो तिकडेच राहिला. त्याची आई, आमच्या काकू, वारल्या तेव्हा दोन दिवस आला होता, पण त्या दोन दिवसांत काट्यावर उभं राहा असं कोण कुणाला म्हणणार.

आप्पा तोंड पुसत आले. मी पान मिटलं नाही. म्हटलं, "आप्पा, दादाचं दुसरं वजन राहिलंय."

त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं आणि टॉवेलात नीट गुंडाळलं. "गाडी आजून रस्तामा शे," ते म्हणाले. मग पप्पांना विचारायला गेले की परतीच्या बसमध्ये पुढची सीट मिळेल का.

हॉस्टेलवर मी दर रविवारी त्यांना फोन करते. मांजर चार किलो शंभरवर गेली आहे.

दिवाळीला शहाद्याला उतरले आणि घरी जायच्या आधी त्यांच्या ओट्यावर चढले. आप्पा आतून रजिस्टर घेऊन आले, चष्मा लावला, तो पुसला, पुन्हा लावला. मी काट्यावर उभी राहिले. खांद्याला बॅग, हातात मोबाईल, मनगटात घड्याळ, पायात चप्पल. "पाचट काढ" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. माझ्याकडे बघत त्यांनी माझ्यापुढचा रकाना भरला, सगळं पाचट धरून.