ज्ञानोबाभाऊंची किनारपट्टी

आमच्या शेजारच्या ज्ञानोबाभाऊंनी समुद्र पाहिलेला नाही. पण समुद्रकाठच्या कुठल्याही गावाला नाव कसं पडलं, हे ते न विचारता सांगतात.

भाऊ शाळेत शिपाई होते. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा रोज फडक्यानं पुसायचे. किनाऱ्याची बाजू पुसून पुसून पांढरी पडली. गावं भाऊंच्या तोंडात राहिली.

"मालवणात मालनबाई होती," ते सांगतात. "नवरा होडी घेऊन गेला. ही काठावर वाट बघत बसली. लोक म्हणायचे, मालनबाई बसलीय तिथं उतरा. झालं गाव."

हर्णैला हरणाबाई, गुहागरला गुणाबाई. सगळ्या काठावर, सगळ्यांचे नवरे पाण्यात.

मी विचारलं, "तिकडच्या बायांना सैपाकपाणी न्हाई का?"

"वैनी, नाव फुकट पडत नसतं. कुणीतरी वाट बघावी लागती."

नवे गुरुजी म्हणाले, पुस्तकात असं नाही. भाऊंनी विचारलं, "पुस्तकवाला तिथं उभा होता का?" गुरुजींनी नकाशाच कपाटात ठेवला.

आम्ही विष्णुपुरीचं धरण बघायला गेलो, तेव्हा हा माणूस पाण्यापासून लांब, जीपला टेकून उभा. म्हणे, "लाटा न्हाईत. ह्याच्यात काय बघायचं?"

एवढ्या बायांची नावं घेणाऱ्या भाऊंनी स्वतःच्या बायकोचं नाव मात्र कधी घेतलं नाही. आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. पारूला ते "ऐकलं का" म्हणायचे.

पारू म्हणायची, "हरणाबाईचं लई घेता, माझं घ्या की एकदा." भाऊ टोपी घालून बाहेर जायचे.

औशाच्या बाजाराला गेले की गप्पांत त्यांची एसटी हमखास चुकायची, नाहीतर उतरायचा फाटा. पारू फाट्यावरच्या लिंबाखाली बसून राहायची. मी तिला म्हणायचे, "घरी बस. लहान हाय का ते?"

"उतरायचं ध्यानात ऱ्हात न्हाई त्यांच्या. मी दिसले की उतरतात," ती म्हणायची.

पारू गेली. फाट्यावर मोबाइलचा टावर आला, आणि लोक त्याला टावर फाटा म्हणू लागले.

परवा मी आणि भाऊ औशाहून एसटीनं येत होतो. कंडक्टर नवी पोरगी होती. "कुठं, बाबा?"

"पारूचा लिंब," भाऊ भरल्या गाडीत मोठ्यानं म्हणाले.

"असा स्टॉप न्हाई. टावर फाटा का?"

"टावर आत्ता आला. लिंब आधीचा हाय."

"मशीनमध्ये न्हाई, बाबा."

"मग मी उतरतच न्हाई."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "दोन दे. पारूचा लिंब."

तिनं टावर फाट्याची तिकिटं फाडली. पण फाटा आल्यावर घंटी मारून ओरडली, "चला, पारूचा लिंब!"

आम्ही उतरलो. एसटी गेली. भाऊ लिंबाकडं बघत उभे राहिले.

"ऐकलं का," ते म्हणाले.

मला नव्हतं म्हटलेलं. मी पिशवी उचलून पुढं निघाले.